एकशे एक नंबर बंद करताना

वैजू,

सकाळी तुझा दहावा झाला. आता दुपार कलली आहे. पावणेरावळे परत गेलेत, खाली अंगणात वाळत घातलेला हिरडा तुझ्या आई उगाचच हातानं परतत बसल्या आहेत आणि मी माळ्यावर तुझ्या मशीनपुढे बसले आहे. दिवस मावळायच्या आत तुझा एकशे एक नंबर बंद करायचा आहे. नियम तुझाच. आपल्या वाड्यांमध्ये माणूस गेलं की त्याचा नंबर दहाव्याच्या दिवशी बंद होतो, आणि आजवर कुणाच्याही घरासाठी हा नियम मोडलेला नाही. आज तो मोडावा असं आपल्याच घरातल्या दोघांना वाटतंय. तिसरी मी आहे की नाही ते माझं मलाच कळेना, म्हणून आधी तुझ्याशी बोलून घेते. तुझ्याशी बोलायचं म्हणजे भांडण आलंच, ते काही आज चुकणार नाही.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू अवसरीच्या कॉलेजात शिकत होतीस. सुट्टीला आलीस की माझ्या भाकरीला नावं ठेवायचीस आणि त्याच भाकरी सगळ्यांपेक्षा जास्त खायचीस. मी आईंना म्हणायचे, तुमची लेक इंजिनीअर होईल तेव्हा होईल, आत्ता तिला जरा ताट उचलायला शिकवा. मग तू पुण्याला नोकरीला लागलीस, ऑफिसांमधले फोन सांभाळणाऱ्या कंपनीत. सणावाराला यायचीस, चपला काढायच्या आधी विचारायचीस, "वहिनी, रेंज आली का गं?" आणि मी सांगायचे, "तुझ्या मागोमाग येतीये, दमली असंल." मग एका वर्षी तू सगळं सामान घेऊन परतच आलीस. का आलीस ते तू कुणाला नीट सांगितलं नाहीस आणि तुझ्या आजाराबद्दल लिहायला मी इथे बसलेली नाही. ते डॉक्टरांच्या कागदांवर आहे तेवढं पुरे.

आपल्या डोंगरात मोबाइलला रेंज नाही. मी आरोग्य केंद्राची आशाताई, माझं काम बाळंतिणींचं. कुणाचं पोट दुखायला लागलं की एक गडी टेपाडावर पळायचा, तिथे हात वर करून रेंज शोधायचा, आणि आरोग्य केंद्राच्या गाडीला फोन लागला तर लागला. तू आलीस आणि म्हणालीस, पंचायतीपर्यंत नेटची वायर आली आहे ना, मग रेंज पाहिजे कुणाला. पंचायतीच्या छतावरून वाडी-वाडीला अँटेना लावल्यास. घरोघरी कपाटात पडलेले जुने मोबाइल बाहेर काढायला लावलेस. आणि या माळ्यावर पत्त्यांच्या जोडाएवढा एक डबा आणून ठेवलास. त्याला तू सर्व्हर म्हणायचीस, आम्ही मशीन म्हणायचो. प्रत्येक फोनला तीन आकडी नंबर, ज्याचा फोन त्याच्या नावावर; आपल्या घरात दोन, एक खाली आणि तुझ्या खोलीत तुझा एकशे एक. तो फिरवला की नेटवरून दुसऱ्या वाडीतली घंटी वाजते, आणि आधी नऊ दाबलं की बाहेरची लाइन मिळते. ती लाइन तू एका फोन कंपनीकडून रीतसर घेतली होतीस. वरच्या वाडीतून पहिला फोन आला तेव्हा आईंनी तो कानाला उलटा लावला होता आणि तरी त्यांना सगळं ऐकू आलं, असं त्या अजून सांगतात.

मशीन सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. तू मला माळ्यावर हाक मारलीस. "ये, पावणे आलेत बघ." स्क्रीनवर ओळीमागून ओळी पळत होत्या. कुणीतरी शंभर नंबर म्हणून आत यायला बघत होतं, मग एकशे एक, मग एकशे दोन, प्रत्येक वेळी कसला तरी पासवर्ड टाकून.

"कोन हाय ह्यो?" मी विचारलं.

"मानूस न्हाई गं. कुठं तरी लांब बसवलेली मशिनं हायेत. जगात जिथं जिथं असला फोनचा डबा दिसंल तिथं जाऊन दार वाजवत्यात."

"आन् आपल्या वाडीचा पत्ता कुनी दिला त्यांला?"

"त्यांना वाडी दिसत न्हाई, नुसता आकडा दिसतो. सगळेच आकडे वाजवून बघत्यात."

"मग येऊ दे की. आपल्याकडं चोरायला हाय काय? नाचनी?"

तू वैतागलीस. "बाहेरची लाइन हाय ना. ती हातात आली की आपल्या नावावर परदेशात फोन लावत बसतील, आन् आपल्याला पायजे तवा आपलाच फोन लागनार न्हाई."

मी त्या दिवशी हसले होते. डोंगरातल्या माळ्यावरचा डबा, त्याच्यावर कुठल्या देशातून दरोडा पडणार, असंच वाटलं मला. कुणालाही वाटलं असतं.

तू मात्र मनावर घेतलंस. प्रत्येक नंबरला लांबलचक, कुणाला वाचताही येणार नाही असा पासवर्ड केलास, घरोघर जाऊन स्वतःच्या हातानं फोनमध्ये टाकलास आणि कुणालाही सांगितला नाहीस. लोकांना राग आला. "आमच्याच फोनचा पासवर्ड आमालाच ठावं नाय, ही कुठली रीत म्हनायची?" आणि तू ताठ मानेनं सांगायचीस, "तुमाला ठावं नाय म्हंजी तुमी कुनाला सांगनार बी नाय." सगळ्या वाड्यांमध्ये एकाच माणसापुढे तुझं चाललं नाही, धोंडिबा आजापुढे. त्याच्या आंब्यावर तुझी सगळ्यात मोठी अँटेना होती. तो म्हणाला, "माज्या कुलपाची किल्ली माज्यापाशी पायजे," आणि आकडे तर त्याच्या लक्षात राहायचे नाहीत. म्हणून त्याचा नंबर एकशे सात आणि पासवर्डही एकशे सात. नंतर बदलू, असं तू मला परत येताना म्हणालीस.

नंतर म्हणता म्हणता आजाच गेला. त्याच्या घरच्यांनी तो फोन त्याच्या फोटोपुढे ठेवला. चार्जिंगला लावून, हळदीकुंकू वाहून. तू दोनदा गेलीस नंबर बंद करायचं सांगायला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलीस. त्याची थोरली सून म्हणाली, "आज्याचा नंबर बंद करायचा म्हंजी त्याला दुसऱ्यांदा पोचवायचा." पासवर्ड बदलायचा तर फोन हातात घ्यायला हवा, आणि फोटोपुढचा फोन कुणी उचलू देईना. मशीन आपल्या घरात होतं, तू गुपचूप नंबर बंद करू शकली असतीस. पण आजाची म्हातारी रोज दिवेलागणीला शेजारच्या फोनवरून एकशे सात फिरवायची आणि फोटोपुढची घंटी ऐकून मग जेवायला बसायची. ते तुला माहीत होतं. लोक तुला कडक म्हणायचे, वैजू, पण त्या घंटीपुढे तू विरघळलीस. मीही तुला काही बोलले नाही.

आणि मग कमळचा दिवस आला. वरच्या वाडीत कमळला भरदुपारी कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं. मी नऊ दाबून आरोग्य केंद्राचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. मग एकशे एक लावून तुला हाक मारली आणि तू माळ्यावर धावलीस. बाहेरची लाइन गच्च भरली होती. कुठल्या कुठल्या देशांत फोन चालू होते, आणि सगळे एकशे सात नंबरवरून. फोटोपुढचा फोन जागच्या जागी होता, हळदीकुंकवासकट. पण आजाचं नाव सांगून दुसराच कुणी आत येऊन बसला होता. तू तो नंबर तोडलास, मशीन बंद करून चालू केलंस, मला म्हणालीस, "वहिनी, लाव आता." तरी लागला नाही. एवढे परदेशी फोन बघून कंपनीनंच संशयानं लाइन तोडून टाकली होती.

गड्यांनी कमळला झोळीत घालून डांबरीपर्यंत उतरवलं. मी बरोबर होते. ती वाट मी कशी उतरले ते मला आठवत नाही, कमळचा हात माझ्या मनगटावर होता तेवढं आठवतं. एक जीप मिळाली, दवाखाना मिळाला, कमळ वाचली आणि तिची मुलगीही वाचली. आता शाळेत जाते ती, कुणाचं ऐकत नाही. पण त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तू चुलीपुढे बसून रडत होतीस. एवढ्या वर्षांत मी तुला रडताना पाहिलं ते तेव्हाच. पुढे स्वतःच्या आजारातसुद्धा तू रडली नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघी धोंडिबा आजाच्या घरी गेलो. तू चहाला नको म्हणालीस. उंबऱ्यातच सांगितलंस, "आज्याच्या नंबरातनं चोर आला. कमळचा फोन लागला न्हाई तो त्याच्यामुळं." सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. मग ती म्हातारी उठली, फोटोपुढचा फोन तिनं पदरानं पुसला आणि तुझ्या हातात दिला.

"दहाव्याला कावळा शिवला तवा आमी त्यांला मोकळं केलं," ती म्हणाली. "आन् नंबर तेवढा धरून ठिवला. जागा रिकामी ठिवली, त्यात भलतंच येऊन बसलं. आता दहाव्यालाच समदं मोकळं करीत जा, पोरी. नंबर बी."

वैजू, तू कंपनीत शिकून आली होतीस की सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं. ते वाक्य तू आम्हाला वर्षभर सांगत होतीस आणि आम्ही माना डोलवत होतो. पण दहाव्याशी त्याची गाठ त्या म्हातारीनं घातली आणि ती तू लगेच उचललीस. पुढच्या दहाव्याला तू पाण्याकाठी सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि सांगितलंस की आज दिवस मावळायच्या आत अमक्यांचा नंबर बंद होईल, कुणाला शेवटची घंटी द्यायची असेल तर तोपर्यंत द्या. प्रवचनाचे महाराज नाराज झाले, हे काय मध्येच म्हणाले. आता तेच महाराज बोलून झालं की स्वतः आठवण करतात. आजही केली.

आता आपल्या भांडणाकडे येते. कमळच्या दिवसानंतर तू ठरवलंस की बाहेरचं दार कायमचं लावायचं. फक्त आपल्या डोंगरातल्या नेटवरून येईल तोच फोन मशीननं घ्यायचा, बाकी सगळ्यांना भिंत. तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं, एवढं मी आज कबूल करते, जास्त नाही. पण आपल्या वाड्यांतल्या निम्म्या लेकी बाहेर. कुणी चाकणला कंपनीत, कुणी नारायणगावला दुकानात, कमळची बहीण सुनीता पिंपरी पेंढारला दिलेली. त्यांच्या आयांकडे रेंज नाही. तू लेकींच्या मोबाइलमध्येही मशीनचा नंबर टाकून दिला होतास, त्यावरून बोलतील तेवढंच त्यांचं माहेर. दार लावलं की तेही बंद.

"लेक दिली म्हंजी काय कडी घालून घ्यायची का?" मी म्हणाले.

"कडी न्हाई घातली तर लेकीच्या मागोमाग चोर बी येतो."

"मग तू बस की दाराशी. इंजिनीअर कशाला झालीस?"

तू मला जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही, नणंदेची अब्रू ती आपली अब्रू. हिरड्याचा सगळा हंगाम दार बंद राहिलं आणि आपण एकमेकींशी धड बोललो नाही. मी ताट तुझ्यापुढे सरकवायचे, तू मीठ मागायचीस ते आईंकडे. आणि मग एका सकाळी कमळच्या आईकडे घंटी वाजली आणि पलीकडून सुनीता बोलली. तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस. दार पुन्हा उघडलं होतंस आणि त्याला जेवढी कुलपं घालता येतात तेवढी घातली होतीस. तीनदा चुकीचा पासवर्ड आला की तो ज्या नेटवरून आला तो पत्ताच बाहेर. बाहेरची लाइन फक्त दवाखाना, गाडी, पंचायत, पोलीस अशा ठरलेल्या नंबरांना, परदेशाला मुळीच नाही. लेकींचा फोन घरात येईल, पण घरातून पुढे बाहेरच्या लाइनवर जाणार नाही. आणि मशीन नेहमी अद्ययावत, त्यासाठी तू पंचायतीच्या नेटवाल्याशीही भांडायचीस. मला फक्त एवढंच म्हणालीस, "ह्ये तुजं दार हाय, ध्येनात ठेव."

पुढे सुनीताच्या सासूनं एकदा फोनशी खेळताना पासवर्ड बदलून स्वतःच्या नातवाचं नाव टाकलं. फोनच बिचारा तो चुकीचा पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा दार वाजवत राहिला आणि मशीननं अख्ख्या घराला बाहेर काढलं. सुनीता चिडून तिकडून एसटीनं आली. मी तुला म्हणाले, "तुज्या कुलपाला घरचं मानूस कळत न्हाई." तू चष्मा काढून पुसलास, तुला जिंकल्यासारखं वाटलं की तू चष्मा पुसायचीस. "कळूच नये," म्हणालीस. "कुलपाला मानूस कळाया लागलं की चोर वळख काढून आत येतो." या वाक्याला मला अजून उत्तर सुचलेलं नाही. सुचलं की सांगणार होते.

पण एक सांगते, आणि छाती पुढे काढून सांगते. कमळच्या दिवसानंतर तुझ्या मशीनमध्ये कुणी शिरलेलं नाही. रोज दार वाजतं, रोज. कुणी आत आलेलं नाही. वाऱ्यानं अँटेना लोंबकळली, उंदरांनी वायर खाल्ली, पंचायतीचं नेट गेलं, पण चोरामुळे बाळंतिणीचा फोन अडला असं पुन्हा कधी घडलं नाही. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमधले लोक तुझ्याकडे आले, आम्हालाही असलं मशीन बसवून द्या म्हणाले. तू त्यांना आधी एक नंबर बंद करायला शिकवलंस. चालू करायला नंतर. त्यांच्यातली चौघं आज पाण्याकाठी आली होती, सगळ्यांच्या मागे उभी होती आणि कुणी भाषण कर म्हटलं तरी केलं नाही. मला त्यांचंच येणं सगळ्यात मोठं वाटलं.

आणि मला तू घडवलंस. मी बारावीपर्यंत शिकलेली. सर्व्हर म्हटलं की हॉटेलातलं वाढणारं माणूस आठवायचं मला. तू मला शेजारी बसवून त्या ओळी वाचायला लावायचीस, चुकलं की ओरडायचीस, आणि मी तुझ्यावर दुप्पट ओरडायचे. मग एक दिवस सकाळीच "बॅटरी आणायला नारायणगावला चाललीये, आज मशीन तुजं" म्हणून निघून गेलीस. बॅटरी आपल्याकडे होती, वैजू. मला माहीत होतं. त्या दिवशी नेमका एक फोन बिघडला, एक पत्ता चुकून बाहेर पडला, मी घाम पुसत पुसत सगळं मार्गी लावलं. तू संध्याकाळी आलीस, स्क्रीन वरपासून खालपर्यंत पाहिलीस आणि खाली जाऊन चहा टाकलास. तू स्वतः होऊन चहा टाकणं म्हणजे काय ते या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी तो चहा फार सावकाश प्यायले.

आज सकाळचं सांगायचं राहिलं. धरणाच्या पाण्याकाठी मांडव घातला होता. पुढारी आले, त्यांनी भाषणं केली. एकानं तुला दूरसंचार क्षेत्रातली रणरागिणी म्हटलं. तू असतीस तर उठून गेली असतीस. तुझ्या दादांनी पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून काठच्या आंब्यावरच्या कावळ्यांकडे बघायला लागले. मी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. कावळा शिवेना झाला की लोक पुढे होऊन काय काय कबूल करतात, तसं मी कबूल करणार होते की मशीन सांभाळीन, आईंना सांभाळीन. तर कावळा लगेच आला. आम्ही नीट मागेही सरलो नव्हतो. "हिचं काय ऱ्हायलंच न्हाई बघा," कुणीतरी म्हणालं, आणि बायका डोळे पुसायला लागल्या. मला मात्र राग आला. राहिलं नाही कसं? माझं तुझ्याशी एवढं मोठं भांडण अर्धं राहिलंय. तुझं सगळं उरकलं असेल, माझं नाही उरकलेलं.

घरी आल्यावर तुझे दादा माझ्यामागे माळ्यावर आले. त्यांना जास्त बोलता येत नाही, तुला माहीत आहे.

"ऱ्हाऊ दे की तिचा नंबर," ते म्हणाले. "पासवर्ड तिनं स्वता टाकलाय. कुनाच्या बापाला फुटायचा न्हाई. आय रोज लावती त्यो नंबर."

हे खरं आहे. तू गेल्यापासून आई खालच्या फोनवरून एकशे एक लावतात, तुझ्या खोलीत घंटी वाजते, ती थांबली की त्या फोन ठेवतात. आणि तुझ्या दादांचं म्हणणंही खरं आहे. तुझ्या पासवर्डला काही धोका नाही, चोराला तो जन्मात सापडणार नाही. नुसतं यंत्राचं बघायचं तर तुझा नंबर तसाच ठेवला म्हणून बिघडणार काहीच नाही.

पण सकाळी पाण्याकाठी धोंडिबा आजाची म्हातारी आली होती. तिला आता चालवत नाही, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आली. महाराजांनी नंबरची आठवण केली तेव्हा सगळ्या लोकांनी तुझ्या दादांकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं फोटोपुढचा फोन पदरानं पुसून तुझ्या हातात दिला होता. तिच्यानंतर किती घरांनी दिला. त्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी घंटी ऐकून जेवायला बसणारं होतं. आपल्या घराला वेगळा नियम लावला तर उद्या मी कुणाच्या उंबऱ्यात उभी राहू? पुढच्या दहाव्याला लोक म्हणतील, आशाताईंच्या घरचा चालतो, मग आमचा का नाही. आणि त्यातला एखादा पुन्हा एकशे सात निघेल, आणि पुन्हा कुणा कमळचा फोन लागणार नाही. हे मी तुझ्या दादांना सांगितलं. ते शिडीशी गेले आणि तिथून म्हणाले, "आयला तू सांग. मला जमनार न्हाई." आणि गोठ्याकडे गेले.

तेव्हा लिहिणं थांबवून मी खाली जाते. तुझ्या आईला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

वैजू, झालं.

सांगावं लागलंच नाही. मी खाली गेले तर त्या हात धुऊन शिडीच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "दिस कलला," म्हणाल्या. मग फोनपाशी गेल्या आणि एकशे एक लावला. तुझ्या खोलीत घंटी वाजली. पूर्ण वाजू दिली त्यांनी, आपोआप थांबेपर्यंत. मग फोन ठेवला आणि माझ्यामागून शिडी चढल्या. या वयात, गुडघ्यांसकट. माळ्यावर मला म्हणाल्या, "मला बघू दे कसं करत्यात ते." मी तू शिकवलंस तसं केलं, एकही पायरी न गाळता. आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी शेवटचं बटण दाबलं. मग आम्ही दोघी खूप रडलो. ते मी लपवत नाही.

रडून झाल्यावर आम्ही तशाच स्क्रीनपुढे बसून होतो, आणि दार वाजलं. नेहमीचंच, कुठल्या तरी लांबच्या पत्त्यावरून. त्यानं शंभर वाजवून पाहिला. मग एकशे एक. मग एकशे दोन. तिसऱ्या चुकीला मशीननं त्याला बाहेर काढलं आणि ओळ संपली. एकशे एकला त्याला जे उत्तर मिळालं तेच शंभरला मिळालं होतं, तेच एकशे दोनला. तूच तसं बसवलं आहेस. नंबर चालू असो की बंद, परक्याला उत्तर एकच. या घरातलं कोण आहे आणि कोण गेलं, ते त्याला कळत नाही.

तो आला होता माझ्या दारातून, मी हट्टानं उघडं ठेवायला लावलेल्या. आणि परत गेला तो तुझ्या कुलपामुळे. तुला नको असलेलं दार तू एवढी वर्षं राखलंस, आणि मी तुला एकदाही म्हटलं नाही की वैजू, तुझे उपकार आहेत. आज म्हणते. भांडण तरीही संपलेलं नाही.

"कोन व्हतं?" आईंनी विचारलं.

"चोर व्हता."

"वैजीच्या नंबरला हात लावला का त्यानं?"

"लावला."

"मग?"

"आत कुनी हाय का न्हाई, त्ये बी त्याला कळलं न्हाई. गेला."

आईंनी डोळ्याला पदर लावला, मग तो नीट खोचला.

"जाईल न्हाई तर काय करंल," त्या म्हणाल्या. "माज्या लेकीनं बसवलंय त्ये."